धंद्याची रीतच बदलली तर संस्थेनं काय करावं? दूरदृष्टीचा एक माणूस पुरतो का?

केळीबागवाला

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबेल, पण विषय महिनाभर डोक्यात घोळतोय म्हणून इथे मांडतो.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातलं. गावात केळी उत्पादकांची सहकारी संस्था आहे, आजोबांच्या पिढीनं काढलेली. तेव्हा तिचं काम एकच होतं. सभासदांचे घड गोळा करायचे, तोलायचे, बैलगाडीनं स्टेशनावर न्यायचे आणि वॅगन भरून दिल्लीकडे रवाना करायचे. पट्टी (विक्रीचा हिशेब) आली की खर्च आणि कमिशन कापून पैसे सभासदाच्या हातात. लहानपणी मी आजोबांबरोबर स्टेशनावर जायचो. घड एकमेकांवर घासू नयेत म्हणून हमाल मधे केळीची पानं दाबायचे. त्या ओल्या पानांचा वास अजून नाकात आहे.

आता व्यापाऱ्याचा ट्रक थेट बांधावर उभा राहतो. कापणीची टोळी त्याची, काटा त्याचा, भावही जवळजवळ त्याचाच. निर्यातवाले तर फण्या काढून, धुऊन, खोक्यात भरून थंड कंटेनरनं बंदराला पाठवतात. आमच्या संस्थेकडे उरलंय खताचं दुकान, एक प्रशस्त गोदाम आणि जुना काटा.

गेल्या वर्षी मी संचालक झालो. वय ३६, बाकीचे सगळे साठीच्या पुढचे. पॅकहाऊस (माल धुऊन खोक्यात भरायची जागा), प्री-कूलिंग (पाठवण्याआधी माल थंड करणं), पिकवणीच्या खोल्या असा आराखडा करून सभेत मांडला. अध्यक्ष म्हणाले, "संस्था तोट्यात नाही. मग घाई कसली?" विषय तिथेच संपला.

तुमचे अनुभव सांगा. असा उलथापालथीचा काळ येतो तेव्हा संस्था कशानं तरते? पुढचं दिसणारा एक खमका माणूस लागतो, की आणखी काही?

अमळनेरकर

भाऊ, या प्रश्नावर अमळनेरचा माणूस गप्प बसणं शक्य नाही.

विप्रोचा जन्म आमच्या गावचा. २९ डिसेंबर १९४५ ला 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' या नावानं कंपनी सुरू झाली. माल काय, तर वनस्पती तूप आणि कपड्यांचा ७८७ साबण. १९६६ मध्ये संस्थापक मोहम्मद हाशिम प्रेमजी वारले आणि त्यांचा मुलगा अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण अर्धवट टाकून परत आले. वय २१. सुरुवातीच्याच एका सभेत एका भागधारकानं त्यांना तोंडावर सुनावलं होतं की तुमच्यासारख्या पोरसवदा माणसाच्यानं हे होणार नाही, हिस्सा विकून मोकळे व्हा. तुमची सभा त्या मानानं मवाळच म्हणायची!

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९७७-७८ च्या सुमारास आयबीएमनं भारतातून गाशा गुंडाळला, संगणकाच्या बाजारात जागा रिकामी झाली आणि विप्रो त्यात उतरली. पण एक गोष्ट लोक विसरतात. तुपाचा कारखाना काही त्या दिवशी बंद केला नाही. तूप-साबण चालूच होतं, मधे हायड्रॉलिक सिलिंडर आले, मग संगणक. जुन्या धंद्यानं नव्याला काही वर्षं पोसलं. घरात सून आली म्हणून सासू लगेच चुलीपासून उठत नाही, तसं.

आजोबांकडे थोडे शेअर होते. आत्याच्या लग्नात निम्मे विकले, उरलेल्यांवर आमचं घर उभं राहिलं. आमच्या गावात असं सांगणारी घरं बरीच सापडतील.

तापीकाठ

अमळनेरकर, छान लिहिलंत. पण केळीबागवाला, तुमच्या मागे विप्रोसारखं भांडवल नाही. कर्ज काढून पॅकहाऊस बांधलं आणि बाजार पडला तर? सभासदांच्या सातबाऱ्यावर बोजा चढेल. अध्यक्षांची भीती मला तरी चुकीची वाटत नाही.

खरं_ते_बोला

मला हा 'दूरदृष्टी' शब्दच खटकतो. ज्याचं जमलं तो द्रष्टा, ज्याचं बुडालं त्याला कोणी विचारत नाही. शिक्का मागाहून बसतो.

आमच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्याचे वडील सभासद होते. दरवर्षी सभेत स्वप्नं. गाळप क्षमता वाढवू, डिस्टिलरी टाकू, वीज तयार करू. भिंतीवर रंगीत नकाशे लागायचे आणि वडील घरी येऊन आईला ते समजावून सांगायचे. एवढ्या गाळपाला ऊस कुठून येणार आणि उसाला पाणी कुठून, हे कोणी विचारलं नाही. ज्यानं विचारलं त्याला 'अपशकुनी' म्हणून खाली बसवलं. आज तिथे ऊस टाकायच्या गव्हाणीच्या जागेत बाभळी वाढल्यात. वडिलांच्या ट्रंकेत शेअरचा दाखला अजून घडी घालून ठेवलेला आहे.

दृष्टी नव्हती असं नाही. हिशेब नव्हता, आणि प्रश्न विचारणाऱ्याला जागा नव्हती. मला नेता मोजायचा तर मी एवढंच बघेन की त्याच्या सभेत माणूस उभा राहून 'हे चुकतंय' म्हणू शकतो का.

अमळनेरकर

@खरं_ते_बोला, दाखल्याचं वाचून गलबलून आलं. माझ्याच जिल्ह्यातल्या दोन घरांत दोन कागद, आणि दोघांची नशिबं किती वेगळी.

भुसावळचा_पोरगा

माझे वडील रेल्वेत वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. कोळशाचं फावडं मारून उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेलेला. डिझेल आलं, वीज आली आणि शेडमध्ये कुजबुज सुरू झाली की आता आपलं काय.

त्यांच्या शेडला एक फोरमन होता. साहेब वगैरे नाही, शेडमध्येच वाढलेला माणूस. वाफ बंद व्हायला अजून अवकाश होता तेव्हापासून तो ड्युटी सुटल्यावर माणसं थांबवून घ्यायचा. शेडच्या फरशीवर खडूनं विजेच्या इंजिनाचं सर्किट काढायचा, हे एवढं मोठं, आणि माणसांना त्याच्यावरून चालायला लावायचा. "तू करंट आहेस. इथून निघालास, आता कुठे जाशील?" वडील सातवी शिकलेले. चालून चालून पाठ केलं. पहिल्या आठवड्यात पाच-सहा जण थांबायचे, नंतर फरशी पुरेना. बदल्या झाल्या, परीक्षा झाल्या, तेव्हा ती माणसं तरली. वडील विजेच्या इंजिनांच्या दुरुस्तीवरून निवृत्त झाले.

त्या फोरमनला 'नेतृत्व' हा शब्द माहीत असेल का, शंकाच आहे. पण उद्याची गाडी आज फरशीवर काढून दाखवणारा माणूस मी तरी दुसरा ऐकला नाही.

केळीचं_पान

वाह! हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

प्राध्यापक_जळगाव

व्यवस्थापन शिकवतो, म्हणून थोडं पुस्तकी लिहितो.

क्लेटन क्रिस्टन्सन या हार्वर्डच्या प्राध्यापकानं १९९५ मध्ये एका लेखात 'डिसरप्टिव्ह' तंत्रज्ञानाची कल्पना मांडली. ढोबळपणे सांगायचं तर मोठ्या संस्था आळशीपणानं बुडतात असं नेहमी नसतं. बऱ्याचदा त्या चांगल्या चालतात म्हणूनच बुडतात. आपल्या सर्वांत चांगल्या गिऱ्हाइकाचं ऐकतात, जिथे नफा जास्त तिथे लक्ष देतात. नवा माणूस येतो तो खालच्या अंगानं, हलका माल घेऊन, ज्याच्याकडे कोणी बघत नाही अशा गिऱ्हाइकाकडे. मग हळूहळू वर चढतो. वरच्याला कळतं तोवर पायऱ्या संपलेल्या असतात.

केळीबागवाला, आठवून बघा. ट्रकवाला व्यापारी तुमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं कोणाची केळी घेतली?

दुसरं उदाहरण कोडॅकचं. डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानं बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर, एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. म्हणजे पुढचं दिसलं नाही असं म्हणता येत नाही, ते त्यांच्याच टेबलावर पडलं होतं. पण फिल्मचा नफा सोडवेना. जानेवारी २०१२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली. त्याच धंद्यातली जपानची फुजीफिल्म मात्र टिकली. २००० साली शिगेताका कोमोरी अध्यक्ष झाले. त्यांनी प्रश्न फिरवला : 'आपण फिल्म विकतो' हे सोडून 'आपल्याला येतं काय?' असं विचारलं. फिल्ममध्ये कोलॅजन लागतं, रंग उडू नये म्हणून ऑक्सिडीकरण रोखावं लागतं. तीच विद्या त्वचेच्या प्रसाधनांकडे वळवली. पातळ थरांची विद्या एलसीडी पडद्यांच्या फिल्मकडे. त्यासाठी फिल्मच्या विभागात मोठी कपातही करावी लागली, तेही विसरू नये.

तुमच्या संस्थेला 'येतं काय'? वॅगन भरणं हा उत्तराचा वरवरचा भाग झाला.

केळीबागवाला

सर, तुमचा पहिला प्रश्न काळजात घुसला. ट्रकवाल्यानं सुरुवातीला घेतली ती लहान बागाइतदारांची केळी, ज्यांच्या बागेत वॅगन भरण्याइतका माल एकदम कापणीला येत नसे. आमच्याकडे ते नंबर लावून थांबायचे. व्यापारी वीस घडांसाठीही यायचा. आम्ही म्हणालो, जाऊ दे, किरकोळ माल आहे. पाच-सहा वर्षांत मोठेही तिकडे गेले.

वाकोदचा_भाचा

जैन इरिगेशन कंपनी काढणाऱ्या भवरलाल जैन यांचं नाव अजून कसं आलं नाही? जन्म वाकोदचा, १९३७. सरकारी नोकरी मिळत असताना ती सोडून १९६३ मध्ये ७ हजार रुपयांवर रॉकेल विकायला सुरुवात केली. पुढे १९७८ मध्ये केळीची पावडर करणारा एक बंद पडलेला कारखाना ३० लाखांना घेतला. पावडर चालत नव्हती, तर तिथे पपईच्या चिकापासून पपेन हे एन्झाइम काढलं. मग पीव्हीसी पाइप, मग ठिबक, मग टिश्यू कल्चरची रोपं.

आमच्या मामाच्या बागेत पूर्वी बसराई जातीची केळी असायची, मुनवे (झाडाच्या बुडाशी फुटणारी पिलं) लावून. पीक हातात यायला दीड वर्ष. ग्रँड नैन जातीची टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं आणि ठिबक आल्यावर बाग ११-१२ महिन्यांत कापणीला. मामा सुरुवातीला म्हणायचा, "पिशवीतलं रोप, नळीतलं पाणी, ही काय शेती आहे?" त्याला भाषणानं पटलं नाही. शेजारच्याच्या बागेतला घड उचलून बघितला, तेव्हा पटलं.

तापीकाठ

आणि तीच कंपनी २०१९ च्या सुमारास कर्जाच्या ओझ्याखाली आली, हेही लिहा की. मग कर्जाची पुनर्रचना झाली, परदेशातला सिंचनाचा व्यवसाय २०२३ मध्ये रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन केला. मोठ्या भाऊंबद्दल, म्हणजे भवरलालजींबद्दल, मलाही आदर आहे. पण झेप आणि कर्ज हातात हात घालून येतात, हे लहान संस्थेनं आधी बघावं.

वाकोदचा_भाचा

मान्य. त्यातून बाहेर यायला काय काय सोडावं लागलं तेही शिकण्यासारखंच आहे.

साक्रीकर_फडवाला

मी धुळे जिल्ह्यातून. आमच्याकडची गोष्ट माणसाची नाही, रीतीची आहे.

पांझरा, कान, बुराई या नद्यांवर शेकडो वर्षांची फड पद्धत. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि खालची जमीन फडांत वाटलेली, साधारण चार. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. प्रत्येकाची जमीन वेगवेगळ्या फडांत थोडी थोडी. पाणी पाटकरी देणार, ज्यानं त्यानं रात्री उठून दारं मोडायची नाहीत. नदीला पाणी कमी असलं की पंच बसून ठरवायचे, यंदा अमुक फड पडीक. पडीक राहिला तर तोटा कोणा एकाच्या बोकांडी बसत नसे, सगळ्यांचा थोडा थोडा. दुष्काळाला तोंड देण्याची तयारी जमिनीच्या वाटणीतच करून ठेवलेली होती. ज्यानं कोणी हे पहिल्यांदा आखलं त्याचं नाव कोणाला माहीत नाही.

आता दुसरी बाजू. हीच पद्धत दुष्काळाला पुरून उरली, पण वरच्या अंगाला धरणं झाली, घरोघर विहीर आणि मोटार आली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी मोडली. ज्याची विहीर भरलेली त्याला पंचांची गरज वाटेना. पाटाची सफाई थांबली. रीत गावाच्या आत पक्की होती, पण संकट गावाबाहेरून, नदीच्या वरून आलं, आणि तिकडे बघणं हे कोणाचंच काम नव्हतं.

म्हणून मला वाटतं, माणूस लागतोच. सगळे पाटावर वाकलेले असताना एकानं तरी मान वर करून नदीकडे बघत राहायला हवं. पण त्यानं आणलेलं पाणी वाटायला मात्र फडच हवा. भो, मना बापनी बी हाईच गोट सांगेल व्हती.

केळीचं_पान

साक्रीकर, बारीपाड्याबद्दलही लिहा ना कोणीतरी. चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली.

साक्रीकर_फडवाला

माझ्याच तालुक्यातलं गाव. उघडा पडलेला डोंगर, पाण्यासाठी वणवण. चैत्रामभाऊंनी गावाला धरून जंगल राखायला घेतलं. कुऱ्हाडबंदी, दंड, आळीपाळीनं राखण, सगळे नियम गावसभेत ठरलेले. एकट्याला दिसलं खरं, पण रात्रीची राखण एकट्यानं केली नाही.

पुण्यातला_खान्देशी

विषय गंभीर आहे, पण एक सूचना. सभेला कोरम हवा असेल तर वार्षिक सभा डिसेंबरात ठेवा, भरीत-पुरीचा बेत करा. पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, बडगीत कुटलेली मिरची-लसूण, वरून कांद्याची पात. निम्मे विरोधक जेवता जेवता मऊ होतील.

भुसावळचा_पोरगा

+१. सोबत कळण्याची भाकरी ठेवा, उरलेले निम्मेही येतील.

तापीकाठ

जळगावच्या भरीत वांग्याला आणि जळगावच्या केळीला, दोन्हींना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे बेत विषयाला धरूनच आहे :)

यावलची_लेक

भरिताचं झालं असेल तर एक विचारू? केळीबागवाला दादा, तुमच्या संस्थेत बाई संचालक किती? सभासद किती?

आमचा बचत गट केळीचे वेफर्स करतो. २०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद, दुकानदार माल घेईनात. आमच्या अध्यक्ष ताई दहावी नापास, पण पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, दुकानाची वाट बघायची नाही. गल्लीनिहाय व्हॉट्सअॅपचे गट केले. कोणाला फोन चालवता येत नव्हता, तर तिची शाळकरी मुलगी हिशेब लिहायची. तेव्हा कढई विझली नाही. ताईंनी दोन महिने स्वतःचा वाटा घेतला नाही आणि हे कोणाला सांगितलंही नाही. वही तपासली तेव्हा आम्हाला कळलं. त्यानंतर त्यांनी नवं काही सुचवलं की आम्ही आधी करतो, मग प्रश्न विचारतो.

तुमचा आराखडा चांगलाच असेल. पण सभासदांनी तुमच्यावर भरवसा का ठेवावा, हेही त्यात हवं.

खरं_ते_बोला

ताई, शंभर टक्के अनुमोदन. फक्त 'आधी करतो, मग विचारतो' याची सवय लावू नका.

भुसावळचा_पोरगा

एक राहिलं. ७ ऑगस्ट २०२० ला देवळाली-दानापूर पहिली किसान रेल्वे निघाली, जळगाव-भुसावळवरून. पुढे रावेर-सावद्याहून दिल्लीच्या आदर्शनगरला केळीच्या गाड्या सुटल्या. केळीबागवाला, तेव्हा तुमची संस्था काय करत होती? वॅगनचं काम तुमच्या हातचं.

केळीबागवाला

बघत होती. वॅगन कशी रचायची हे जाणणारे आमचे दोनच हमाल उरले होते, त्यांना दुसऱ्यांनी बोलावून नेलं.

केळीबागवाला

तीन आठवड्यांनी परत लिहितोय. तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत, तर पुढचं सांगायलाच हवं.

सगळे प्रतिसाद छापून घेतले आणि एका संध्याकाळी अध्यक्षांच्या घरी गेलो. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. सभेत नको, ओट्यावर बोलू म्हटलं. विचारलं, "अण्णा, तोटा नाही हे खरं. पण तुमच्या मनात नेमकं काय आहे?" बराच वेळ अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "तोलारी आणि हमाल मिळून अकरा जण आहेत. तुझ्या पॅकहाऊसला बाहेरून शिकलेली पोरं येतील. ही माणसं मी तरुणपणी आणली. त्यांना काय सांगू?"

माझ्या आराखड्याची १४ पानं. मशीन होतं, व्याज होतं, बंदराचं अंतर होतं. या अकरा माणसांसाठी एक ओळ नव्हती.

मग आम्ही दोघांनी मिळून नवं ठरवलं. कर्ज आत्ता नाही. गोदामाच्या एका कोपऱ्यात दोन हौद, एक टेबल, वजनकाटा, १३ किलोची खोकी. आठवड्यातून दोन दिवस, आणि माल लहान बागाइतदारांचाच, ज्यांना आम्ही किरकोळ म्हणून सोडलं होतं. खताच्या दुकानाच्या नफ्यातून पहिल्या वर्षाचा खर्च. काम करणार हेच अकरा जण, आणि यावलच्या ताईंच्या म्हणण्याप्रमाणे गावातल्या सहा बायका. शिकवायला निर्यातीच्या टोळीवर काम केलेला गावचाच एक मुलगा तयार झाला. अण्णांची अट एकच होती : वर्षाअखेरीला हिशेब भिंतीवर लावायचा आणि पहिला प्रश्न विरोधकानं विचारायचा. @खरं_ते_बोला, ही तुमची ओळ मी त्यांना वाचून दाखवली होती.

काल पहिला दिवस झाला. दांड्यावरून फणी कशी उतरवायची, चीक निथळू द्यायचा, तुरटीच्या पाण्यातून काढायची, डाग असलेलं बोट बाजूला करायचं. आमचे तोलारी नाना सत्तरीला आलेत. दिवसभर कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे. दुपारी त्या मुलाचा खोक्याच्या वजनाचा मेळ बसेना, कधी जास्त, कधी कमी, पुन्हा पुन्हा फण्या बदलायचा. नाना पुढे आले. हौदातून एक फणी उचलली, तळहातावर जरा हलवली आणि म्हणाले, "सव्वादोन." काट्यावर ठेवली. दोन किलो दोनशे चाळीस.

मुलानं त्यांच्यासाठी टेबलाशी स्टूल ओढलं. त्यानंतर एकही खोकं पुन्हा उघडावं लागलं नाही.

भुसावळचा_पोरगा

नानांना नमस्कार सांगा. वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, पुन्हा वाच.